धीर हा घरगुती शब्द

सोमवार, ३ फेब्रुवारी

ताई,

अक्षर ओळखून पाकीट न फोडताच खणात टाकणार असशील, तर जरा थांब. माफी मागायला लिहीत नाहीये. जुनं उकरून काढायला तर मुळीच नाही. फोन तू उचलत नाहीस म्हणून पत्र. मला फक्त तुझ्या धंद्यातला एक सल्ला हवा आहे. तू दिवसभर घाबरलेल्या माणसांना तोंड उघडायला लावतेस आणि वर त्यांचे दातही काढतेस. ते कसं जमतं?

आमच्या मिशन रुग्णालयात तिसऱ्या मजल्यावर एक क्रेनवाले काका आहेत. बासष्ट वर्षांचे, दाराएवढे रुंद, तीस वर्षं बंदरावर क्रेन चालवलेली. बायको वारली, मूलबाळ नाही. आतड्यात गाठ आहे. वेळेत काढली तर माणूस आपल्या पायांनी घरी जाईल, असं सर्जनबाई म्हणतात. येत्या शुक्रवारी ऑपरेशन ठरलंय. गेल्या आठवड्यात काका म्हणाले होते, "करून टाका एकदाचं." आणि परवापासून अचानक नाही म्हणजे नाही. संमतीपत्रावर सही करत नाहीत, कारण सांगत नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून असतात.

आज सर्जनबाईंनी मला जिन्यात गाठलं. "पाळकसाहेब, तुम्ही त्यांना जरा धीर द्या ना. तुमची तर डॉक्टरेटच आहे भीतीवर."

आहे. दोनशे चौदा पानं. आधुनिक ईश्वरविज्ञानातील चिंता आणि धैर्य. प्रबंध बांधून आला तेव्हा तू हातात तोलून म्हणाली होतीस, जाडी चांगली आहे, उशाला घेता येईल. त्यात मी सिद्ध केलंय की भीतीला तोंड असतं, चिंतेला नसतं. कुत्र्याची भीती वाटली तर कुत्र्याकडे बघता येतं. आपण एक दिवस नसू, या विचाराकडे बघायला जावं तर तिथे बघण्यासारखं काहीच नसतं. आणि धैर्य म्हणजे ही चिंता घालवणं नव्हे, तिला सोबत घेऊन देवापुढे उभं राहणं. परीक्षकांनी पाठ थोपटली. मार्गदर्शक सरांनी एकच दुरुस्ती केली होती. मी काही ठिकाणी 'धीर' लिहिलं होतं, ते त्यांनी लाल शाईने खोडून सगळीकडे 'धैर्य' केलं. म्हणाले, धीर हा घरगुती शब्द आहे, प्रबंधात शोभत नाही.

उद्या काकांकडे जायचंय. ते का नाही म्हणतायत, कोण जाणे.

तुझा,
शेपूट

(सही जुनीच केली. तुझ्या फ्रॉकचं टोक धरून शाळेत यायचो म्हणून हे नाव तूच ठेवलंस. आता परत घेता येणार नाही.)


बुधवार, ५ फेब्रुवारी

ताई,

काल गेलो. आणि होतं नव्हतं ते बिघडवून आलो.

मी वॉर्डात शिरताना त्यांनी मला पाहिलं. एवढा धिप्पाड माणूस, पण चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली. मी स्टुलावर बसलो. त्यांच्या उशीकडे बघत होतो, कारण तेवढंच बघणं मला जमतं.

"पुन्हा आलात?" ते म्हणाले.

"सहज आलो, काका."

"तुमच्यातलं कुणी सहज येत नाही. किती दिवस उरलेत तेवढं सांगा."

मी काय केलं असेल? व्याख्यान दिलं. वीस मिनिटं. पहिल्या प्रकरणापासून सुरुवात केली. घाबरणं पाप नाही म्हणालो. श्रद्धा म्हणजे शंका नसणं नव्हे म्हणालो. गेल्या शतकात युद्धांच्या राखेत बसून विचार करणाऱ्या पंडितांनी हेच सांगितलं म्हणालो. सगळ्यात शेवटी माझा हुकमी एक्का काढला. प्रभूसुद्धा क्रुसावर जायच्या आदल्या रात्री त्या बागेत घाबरला होता, त्यालाही घाम फुटला होता, हे टळेल का म्हणून त्याने बापाला विचारलं होतं.

काका पहिल्यांदाच माझ्याकडे वळले. "म्हणजे त्यालाही आधी कळलं होतं."

"काय?"

"की आता मरायचंय."

माझी दातखीळ बसली. तुझ्या दवाखान्यातही कुणाची एवढी बसली नसेल. मी उठलो, "विश्रांती घ्या" असं काहीतरी पुटपुटलो आणि बाहेर आलो. खाली येऊन नळाखाली मनगटं धरली.

"पुन्हा आलात?" हे तुझ्या नजरेतून सुटलं नसेल. लहानपणी मी चोरून खाल्लेलं तुला माझ्या ओठांवरून कळायचं. सोमवारी मी लिहिलं, कारण कोण जाणे. कारण मी जाणतो, ताई. कारण मीच आहे. बाकीचं आता लिहवत नाही.

शेपूट


शुक्रवार, ७ फेब्रुवारी

ताई,

आज ऑपरेशन व्हायचं होतं, झालं नाही. सर्जनबाईंनी पुढचा गुरुवार दिलाय आणि सरळ सांगितलंय की हा शेवटचा. त्यानंतर गाठ हाताबाहेर जाईल, मग फाडण्यात अर्थ नाही. म्हणून आता लपवाछपवी पुरे.

आमच्या पुस्तिकेत दोन प्रार्थना असतात. आजाऱ्यासाठीची वेगळी, आणि अखेरच्या घटका मोजणाऱ्यासाठीची वेगळी. गेल्या शनिवारी सकाळी नर्सने चिठ्ठी दिली. तिसरा मजला, चौदा नंबर, फार वेळ नाही, बायकोची विनंती आहे. मी पुस्तिका आणि तेलाची कुपी घेऊन वर गेलो. तिथे सध्या रंगकाम चाललंय, म्हणून सगळे रुग्ण पलीकडच्या वॉर्डात हलवलेत. जुन्या वॉर्डात सोळा खाटा दारापासून मोजतात. पलीकडे त्या खिडकीपासून मोजतात. प्रत्येक खाटेवर हातभर पाटी आहे, पण मी पाटी बघत नाही. मी खाली मान घालून खाटांचे पाय मोजत जातो. दारापासून चौदा मोजल्या आणि उभा राहिलो. ती खाट तीन नंबरची होती. काकांची.

पाट्या का बघत नाही, हे तुला तरी सांगितलं पाहिजे. पाटीच्या खाली चेहरा असतो. मरणाऱ्या माणसाचा चेहरा मला बघवत नाही. सात वर्षं या नोकरीत आहे, एकही धड बघितलेला नाही. डोळे पुस्तिकेत घालतो आणि वाचतो. प्रार्थनेत नावासाठी जागा सोडलेली आहे, तिथे मी नुसतं "तुझा हा सेवक" म्हणतो. नाव घेतलं की माणूस जवळचा वाटायला लागतो.

तर मी वाचलं. जा, आता निर्धास्त जा, ज्याने तुला घडवलं तो दारात उभा आहे. चाचपून कपाळाला तेल लावलं. कपाळ जरा आक्रसल्यासारखं वाटलं, पण मी तिकडेही लक्ष दिलं नाही. आमेन म्हटलं आणि सटकलो.

काका टक्क जागे होते, ताई. धर्माशी त्यांचा संबंध नावापुरता. त्यांनी कुणाला बोलावलं नव्हतं. न बोलावता पाद्री येतो, तेल लावतो आणि "जा" म्हणतो. डॉक्टर लपवतायत पण देवाच्या माणसाच्या तोंडून खरं निघून गेलं, असंच त्यांना वाटलं. मग मरायचंच आहे तर फाडून कशाला घ्यायचं? त्यांचं तर्कशास्त्र माझ्या प्रबंधापेक्षा पक्कं आहे.

आणि खऱ्या चौदा नंबरचा माणूस त्याच सकाळी गेला. प्रार्थनेविना. सोमवारी त्याची बायको सामान न्यायला आली होती. कॉरिडॉरमध्ये तिने माझे दोन्ही हात धरले. "मी चहा प्यायला खाली गेले आणि तेवढ्यातच ते गेले. पण तुम्ही येऊन गेलात म्हणे. नर्स म्हणाली. बरं झालं हो, त्यांच्याजवळ कुणीतरी होतं."

मी "हो" म्हटलं. एवढं एकच अक्षर.

तू म्हणशील, जा आणि सांगून टाक. एवढं सोपं असतं तर तुला तीन पत्रं लिहिली असती का?

शेपूट


सोमवार, १० फेब्रुवारी

ताई,

शनिवारी वॉर्डाच्या दारापर्यंत गेलो, परत फिरलो. काल उपासनेनंतर गेलो, परत फिरलो. आज दाराला हात लावला. आत कुणीतरी खोकलं आणि मी जिन्यात होतो. मी तीन मजले उतरलो हे मला खाली पोचल्यावर कळलं.

नोकरी जाईल याची भीती आहे, नाही कशाला म्हणू. तक्रार होईल, मंडळीत चर्चा होईल, मोठे पाळक बोलावून घेतील. पण ती भीती तोंड असलेली आहे, तिच्याशी दोन हात करता येतील. दुसरी आहे तिचं काय करू? मी सांगितलं आणि त्यांनी सही केली, आणि टेबलावर काही झालं तर? न सांगता गेले तर मी मारलं. सांगून गेले तरी मीच मारलं. रुग्णांच्या यादीत काकांचं नाव दिसलं की पान उलटतो. प्रार्थनेला बसलो की शब्द सुचत नाहीत, फक्त कुणीतरी माझ्याकडे बघतंय आणि मी खाली बघतोय असं वाटत राहतं.

माफी मागायला लिहीत नाहीये, असं पहिल्या पत्रात मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं. ते सोड.

आईच्या वेळी मी खोलीत नव्हतो. तुला हे माहीत आहे, कारण तू होतीस. पण मी ते कधी म्हटलेलं नाही. तू दारात येऊन म्हणालीस, "चल लवकर, ती विचारतेय." मी म्हटलं, "आलोच, पुस्तिका घेतो." पुस्तिका माझ्या खिशातच होती. मी खाली औषधांच्या दुकानासमोर जाऊन उभा राहिलो आणि तिथला फलक वाचत बसलो. उघडण्याची वेळ, बंद होण्याची वेळ, सुटीचा वार. चाळीस मिनिटं. भरदुपारी, माणसांच्या गर्दीत. वर आलो तेव्हा तू तिचे डोळे मिटवले होतेस.

आणि दोन दिवसांनी अंत्यविधीला मी सगळ्यांसमोर म्हणालो, "शेवटच्या क्षणी तिचा हात माझ्या हातात होता." तेव्हा तू पहिल्या बाकावरून उठलीस आणि बाहेर गेलीस. मंडळीला वाटलं तुला रडू आवरेना. मावशी तुझ्यामागे पाण्याचा ग्लास घेऊन धावली. मला माहीत होतं तू का उठलीस, तरी मी उपदेश पुरा केला. लोक म्हणाले, फार धीराचा मुलगा.

तीन वर्षं मी सगळ्यांना सांगत आलोय की ताई का बोलत नाही, काही कळत नाही.

तुझा भाऊ


बुधवार, १२ फेब्रुवारी

ताई,

काल सकाळी तुझा मेसेज आला. तीन वर्षांत पहिला, आणि शब्द मोजून पाच. "आधी त्याला सांग. मग मला." माझं सोमवारचं पत्र तुला तेव्हा मिळालेलं नसणार. म्हणजे ते न वाचताच तुला सगळं ठाऊक होतं. दुसऱ्यांची तोंडं उघडणारी बाई स्वतः मात्र पाच शब्दांत आटपते.

मी लगेच दहा वाजता वर गेलो. पुस्तिका खालीच ठेवली. या वेळी पाटी वाचली. तीन.

"काका, त्या शनिवारची प्रार्थना तुमच्यासाठी नव्हती. मी खाट चुकलो."

त्यांना कळलंच नाही. "काय चुकलात?"

"खाट. मला चौदा नंबरला जायचं होतं. तुम्ही मरत नाही आहात. डॉक्टर काही लपवत नाहीत. मला कुणी पाठवलं नव्हतं."

"वर पाटी आहे ना."

"मी बघितली नाही."

"मी जागा होतो. माझे डोळे उघडे होते!"

"मी तुमच्याकडेही बघितलं नाही."

मग ते ओरडले. मी कुणाला असं ओरडताना ऐकलेलं नाही. "दहा दिवस! दहा दिवस मरतोय मी इथं! पडल्या पडल्या सगळ्यांचा निरोप घेऊन झाला माझा!" स्टीलचा ग्लास भिंतीवर आपटला. नर्स धावत आली, शेजारचे उठून बसले. मी पळालो नाही. पाय जागचे हलेनात, एवढंच त्याचं कारण.

नर्स गेल्यावर ते म्हणाले, "आता बघा माझ्याकडे."

मी बघितलं. आठवडाभराची पांढरी दाढी, डाव्या भुवईत जुनी खोक, लाल झालेले डोळे. माणसाचा चेहरा, ताई. मला वाटलं होतं काहीतरी भयंकर असेल. ते माझ्याइतकेच घाबरलेले होते.

"घाबरलाय तुम्ही," ते म्हणाले.

"हो."

"कशाला?"

"तुम्ही माझ्या सांगण्यावरून सही कराल आणि आतून परत येणार नाही, याला."

"मग त्या दिवशी ते धैर्य-बिर्य काय सांगत होतात?"

"ते पुस्तकातलं."

त्यांनी ग्लासच्या पोच्यावरून अंगठा फिरवला. मग आपणहून बोलायला लागले. "आमच्या क्रेनला चाळीस मीटरची शिडी होती. तीस वर्षं रोज चढलो आणि रोज पोटात गोळा आला. कुणाला सांगितलं नाही. पण मुकादमाला कळायचं. मी चढायला लागलो की तो खाली शिडी धरून उभा राहायचा. शिडी काँक्रीटमध्ये बोल्ट मारून बसवलेली. धरली काय, न धरली काय. एकदा मी चिडून म्हटलं, तू सोडलीस तर काय ती पडणार आहे? तर म्हणतो, ती नाही पडायची, तू पडशील."

"मग?"

"मग काय. असला असतो धीर. आपला आपल्यापाशी नसतो तो. दुसऱ्याने द्यावा लागतो. तुम्ही मला द्यायला आलात आणि तुमच्याचकडे नाही. मोठीच पंचाईत."

ताई, मी तिथे बसल्या बसल्या माझ्या दोनशे चौदा पानांचा विचार करत होतो. माणूस स्वतःच्या बळावर उभा राहत नाही, कुणीतरी त्याला आधीच पदरात घेतलेलं असतं, यावर मी ऐंशी पानं खर्ची घातली आहेत. त्याला कृपा म्हणतात, असं तळटीपांसकट लिहिलंय. आणि जो शब्द एका माणसाला दुसऱ्याला देता येतो, नेमका तोच मी खोडू दिला. धैर्य ज्याचं त्याने दाखवायचं असतं. मी ते सात वर्षं दाखवत आलोय, आणि त्याच्या आड लपत आलोय.

काकांनी कागद मागवला. एकेक अक्षर जुळवत सही केली. खाली जवळच्या नातेवाइकाची ओळ मोकळी होती. ते म्हणाले, "इथे तुमचं नाव घालतो. नाहीतरी तेल तुम्हीच लावलंय." नर्सने नातं विचारलं. त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि "भाऊ" लिहायला सांगितलं. भाऊ म्हणून माझा पूर्वीचा दाखला फारसा बरा नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. उद्या साडेसातला आत नेणार आहेत.

तुझा भाऊ


गुरुवार, १३ फेब्रुवारी

ताई,

शस्त्रक्रियागृहाबाहेरच्या बाकावर बसून लिहितोय. वही मांडीवर आहे, अक्षराला हसू नकोस. समोर हिरवं दार आहे आणि त्यावर लाल दिवा. साडेसातला आत नेलं. दोन-अडीच तास लागतील म्हणाले होते. आता बारा वाजत आलेत. एकदा एक डॉक्टर घाईघाईने आत गेले, ते बाहेर आलेले नाहीत. रक्ताच्या दोन पिशव्या आत गेल्या. मी मोजतोय, पण मोजून काही उपयोग नाही.

नेताना काकांनी माझं बोट धरलं होतं. "बघताय ना?" म्हणाले. मी दार बंद होईपर्यंत त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. मग बाकावर येऊन बसलो.

काल संध्याकाळी त्या बाईंच्या घरीही गेलो, चौदा नंबरच्या. उंबऱ्यातच सांगितलं की मी त्यांच्याजवळ नव्हतो, तुमचा माणूस एकटाच गेला. त्यांनी हळूच दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला. त्यांचं बरोबर आहे. सांगितल्याने मला हलकं वाटेल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. मोठ्या पाळकांना अर्ज लिहून खिशात ठेवलाय, इथलं झालं की देतो.

मला अजूनही भीती वाटते, ताई. पहिल्या दिवसापेक्षा जास्त. तेव्हा निदान पळता येत होतं.

आता तुला विचारायचंय ते विचारतो. तीन वर्षं तू फोन उचलत नाहीस याचं मला वाईट वाटायचं, आणि मनातून बरंही वाटायचं, कारण उचललास तर हे विचारावं लागलं असतं. आई शेवटपर्यंत मला विचारत होती का? दाराकडे बघत होती का? तू तिला काय सांगितलंस? पुस्तिका आणायला गेलाय, असं सांगितलंस का? खरं काय ते सांग. मला बरं वाटावं म्हणून काही बदलू नकोस. उत्तर द्यायचं नसेल तर तेही

दार उघडलं. नर्स बाहेर आली आहे, मास्कमुळे चेहऱ्यावरून काही कळत नाही. "तीन नंबरचे भाऊ कोण आहेत?" म्हणून विचारते आहे. सर्जनबाईंनी आत बोलावलंय.

मी आहे म्हणून सांगितलं. आत जातोय.